नॅशनल्सचं बुलपेन: उरलेल्या सप्टेंबरात चेंडू कुणाच्या हाती द्यायचा?

पोटोमॅक | ४ सप्टेंबर २०१९, सकाळी ९:१०

आपल्या वॉशिंग्टन नॅशनल्सच्या काल रात्रीच्या मेट्सविरुद्धच्या बेसबॉल सामन्याने अजून अंगावर काटा आहे. नवव्या इनिंगला आपली बॅटिंग आली तेव्हा आपण १०-४ ने मागे. तिथून सात धावा! रायन झिमरमनचा दोन धावांचा डबल आणि मग एडविन डियाझच्या पिचवर कर्ट सुझुकीचा तीन धावांचा होमरन. ११-१०. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन आटोपून सगळी मंडळी आमच्याकडेच थांबली होती. आरतीला लागला नव्हता एवढा आवाज त्या होमरनला लागला.

पण धागा सुझुकीसाठी काढलेला नाही. नववी इनिंग सुरू झाली तेव्हा आपण ५-४ असे, म्हणजे एकाच धावेने मागे होतो. त्याच इनिंगच्या पूर्वार्धात आपल्या बुलपेनने, म्हणजे राखीव पिचरांनी, पाच धावा देऊन टाकल्या. सात धावांचा डोंगर उभा राहिला तो त्यामुळे. सुझुकी काही रोज धावून येणार नाही.

इथे बरेच जण नव्याने बेसबॉल बघायला लागलेत, त्यांच्यासाठी थोडं. सामना नऊ इनिंगचा, म्हणजे समोरच्या संघाचे २७ आउट काढायचे. सुरुवातीचा पिचर, म्हणजे स्टार्टर, पाच-सहा, फार तर सात इनिंग टाकतो. तो दमला की बुलपेनमध्ये बसलेले रिलीव्हर एकेक करून येतात आणि शेवटची इनिंग बहुधा क्लोजरकडे असते. आपले स्टार्टर देशात कुणालाही हेवा वाटावा असे आहेत: शर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन, अनिबल सांचेझ. आणि बुलपेनचा ईआरए साडेपाचच्या वर, म्हणजे दर नऊ इनिंगमागे साडेपाचपेक्षा जास्त धावा. नॅशनल लीगमध्ये याहून वाईट कुणाचं नाही.

वर्षभरात काय काय झालं ते आठवून बघा. रिलीव्हर ट्रेव्हर रोझेन्थालला मोठ्या आशेने आणला. कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतलेला हा माणूस पहिल्या चार वेळा मैदानात आला आणि एकही आउट न काढता परत गेला. ईआरए मोजताच येईना, कारण भागायला खाली शून्य. जूनमध्ये त्याला सोडून दिलं. त्याआधी मे महिन्याच्या सुरुवातीलाच पिचिंग कोच डेरेक लिलिक्विस्टची नोकरी गेली होती. २३ मे रोजी आपण १९ विजय, ३१ पराभव अशा खड्ड्यात होतो. तिथून वर आलो ते स्टार्टर आणि बॅटर यांच्या जिवावर.

३१ जुलैला जनरल मॅनेजर माइक रिझोने तीन रिलीव्हर आणले: टोरांटोकडून डॅनियल हडसन, सिएटलकडून रोएनिस एलियास आणि हंटर स्ट्रिकलंड. एलियास पहिल्याच सामन्यात बॅटिंगला गेला आणि पहिल्या बेसकडे धावताना त्याची मांडीमागची शिर दुखावली. स्ट्रिकलंडचं वजनं उचलताना नाक फुटलं. उरला हडसन, आणि तो एकटा तिघांचं काम करतोय. आपला क्लोजर शॉन डूलिटल ऑगस्टच्या मध्यापर्यंत इतका वापरला गेला की १७ तारखेला ब्रूअर्सविरुद्ध नवव्या इनिंगला त्याच्या पिचवर होमरनवर होमरन बसले. तो सामना १४ इनिंग चालला आणि १५-१४ असा हातचा गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की डूलिटलचा गुडघा दुखावलाय. आता १ सप्टेंबरला तो परत आलाय.

बाहेरून नवीन माणूस आता मिळायचा नाही. पूर्वी ऑगस्टमध्येही एका वेगळ्या वाटेने व्यवहार व्हायचे. ह्यूस्टनने २०१७ साली पिचर व्हर्लँडरला मिळवला तो ३१ ऑगस्टला. यंदापासून ती वाट बंद झाली. जे घरात आहे त्यावरच भागवायचंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की बुलपेन सुधारायच्या नादी लागू नये. चार आठवड्यांत कुणाचा स्लायडर नव्याने वळायला लागत नाही. बुलपेनवर येणारे आउट कमी करावेत. स्टार्टरने सात इनिंग टाकल्या तर उरतात सहा आउट, ते हडसन आणि डूलिटल काढू शकतात. स्टार्टर पाच इनिंगनंतरच बाहेर आला तर उरतात बारा, आणि बारा आउट काढण्याइतकी भरवशाची माणसं आपल्याकडे नाहीत. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझने उरलेल्या महिन्यात सगळा हिशेब याच आकड्याभोवती करावा. तुम्हाला काय वाटतं?

रानजाई | ४ सप्टेंबर, सकाळी १०:०२

फार छान लिहिलंय. मी ठाण्यात बसून मुलाच्या नादाने हायलाइट्स बघते, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तरी विचारते. क्रिकेटमध्ये कर्णधार बुमराची दोन षटकं शेवटासाठी राखून ठेवतो. मधे अडचण आली तर एक षटक टाकून घेतो आणि परत शेवटी आणतो. हडसनला सातवीत आणून नववीत परत का आणत नाहीत?

फिरकी | ४ सप्टेंबर, सकाळी १०:२५

रानजाई, प्रश्न बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. हडसनला सातवीत आणलं की आठवी-नववी दुसऱ्या कुणाकडे तरी गेली. शिवाय क्रिकेटमध्ये दोन सामन्यांत विश्रांती असते. इथे सहा महिन्यांत १६२ सामने. आज टाकलेल्या तीस पिचचं बिल उद्या-परवा येतं.

पोटोमॅक, तुमचा आउटचा हिशेब पटला. पण कालचंच उदाहरण घ्या. एका धावेने मागे असताना नवव्या इनिंगला तुम्ही कुणाला आणलं असतं? चांगले रिलीव्हर आघाडी असतानाच वापरायचे हा दंडक कुठून आला माहीत आहे का? 'सेव्ह' (छोटी आघाडी टिकवून सामना संपवल्याबद्दल पिचरच्या नावावर लागतो तो) हा आकडा १९६९ पासून अधिकृत झाला आणि हळूहळू सगळे मॅनेजर त्या आकड्याच्या सोयीने पिचर वापरायला लागले. क्लोजर म्हणजे तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना नववी टाकणारा, असं ठरून गेलं. सामना मात्र नवव्या इनिंगची वाट बघत थांबत नाही. कधी सातवीतच बेस भरलेले असतात आणि समोर त्यांचे तीन, चार, पाच क्रमांकाचे बॅटर उभे असतात. सामना तिथेच फिरतो, आणि तेव्हा आपला उत्तम पिचर जॅकेट घालून बसलेला असतो.

याचं सर्वांत बोचरं उदाहरण २०१६ चं. वाइल्ड कार्डचा सामना, म्हणजे हरलं की वर्ष संपलं असा एकच सामना, बाल्टिमोर विरुद्ध टोरांटो. बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन त्या वर्षी ४७ पैकी ४७ सेव्ह करून बसलेला, ईआरए ०.५४. सामना अकराव्या इनिंगपर्यंत बरोबरीत. मॅनेजर बक शोवॉल्टर आघाडी मिळण्याची वाट बघत राहिला, चेंडू उबाल्डो हिमेनेझच्या हाती दिला, आणि एन्कार्नासिओनने तीन धावांचा होमरन मारून वर्ष संपवलं. ब्रिटनने एकही पिच टाकला नाही.

पोटोमॅक | ४ सप्टेंबर, सकाळी ११:१५

फिरकी, ब्रिटनचं उदाहरण चोख. पण त्या सामन्यानंतर उद्या नव्हता. आपल्याला उद्या आहे, परवाही आहे. त्याच २०१६ साली क्लीव्हलंडचा मॅनेजर टेरी फ्रँकोनाने रिलीव्हर अँड्र्यू मिलरला पाचव्या-सहाव्या इनिंगपासून वापरला आणि मिलर अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेही ऑक्टोबरमध्ये, मधे विश्रांतीचे दिवस असताना. सप्टेंबरात एका धावेने मागे असताना मी हडसनला आणणार नाही. मागे असलेल्या दहा सामन्यांपैकी आपण जिंकणार किती? त्या आशेवर त्याचा हात खर्ची घातला, तर ज्या दिवशी आघाडी असेल त्या दिवशी तो बसून राहील.

जर्सीकर | ४ सप्टेंबर, दुपारी १२:४०

मी मेट्सवाला. काल रात्री तुमच्या घरात आरत्या झाल्या तेव्हा आमच्या घरात सुतक होतं. पण या विषयावर बोलायचा आमचा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही, कारण सप्टेंबरात बुलपेन कोसळणं म्हणजे काय ते आम्ही दोन वर्षं लागोपाठ सोसलंय. २००७ साली १७ सामने उरले असताना सात सामन्यांची आघाडी होती, ती घालवली.

पण २००८ जास्त शिकवून गेलं. आमचा क्लोजर बिली वॅग्नर २ ऑगस्टला शेवटचा खेळला. कोपर गेलं. त्यानंतर मॅनेजर जेरी मॅन्युएल रोज नवीन जुळणी करायचा. डावखुऱ्यासमोर डावखुरा, उजव्यासमोर उजवा, एकेका बॅटरसाठी एकेक पिचर. कागदावर प्रत्येक निर्णय बरोबर दिसायचा. पण रोज चार-पाच जण टाकायला लागले की त्यांतल्या एकाचा तरी दिवस वाईट असणारच, आणि सामना घालवायला तो एक पुरतो.

शेवटच्या दोन दिवसांत सगळं दिसलं. २७ सप्टेंबरला योहान सांतानाने तीनच दिवसांच्या विश्रांतीवर, फाटलेल्या गुडघ्याने, ११७ पिच टाकून पूर्ण नऊ इनिंग काढल्या. २-० असे जिंकलो. बुलपेनचं दार उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी शे स्टेडियमवरचा शेवटचा सामना, मार्लिन्सविरुद्ध, आठव्या इनिंगला २-२. शोनेवाइसला वेस हेल्म्सने होमरन मारला, लगेच लुईस अयालाला डॅन अगलाने. ४-२, आणि वर्ष संपलं. ते मैदान पाडायच्या आधीचा निरोप समारंभ आम्ही रडवेल्या चेहऱ्याने पाहिला.

म्हणून मी पोटोमॅकच्या बाजूने. माणसं कमी वापर, पण तीच वापर.

सह्यकडा | ४ सप्टेंबर, रात्री ९:३०

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मागे एकदा बुलपेनच्या कठड्यालगतची तिकिटं मिळाली होती. संघ एका धावेने पुढे. पाचव्या इनिंगला फोन खणखणला. एका रिलीव्हरने जॅकेट काढलं, आधी हलके, मग जोरात पिच टाकायला लागला. कॅचरच्या ग्लव्हचा आवाज आमच्या पायऱ्यांपर्यंत येत होता. मैदानात स्टार्टरने आउट काढला, फोन आला, हा खाली बसला, जॅकेट चढवलं. सहाव्याला परत तेच. सातव्याला परत तेच. तो सामन्यात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी स्कोअरकार्डात त्याच्या नावापुढे काही नाही, म्हणजे कागदोपत्री त्याला पूर्ण विश्रांती. प्रत्यक्षात जवळजवळ दोन इनिंग टाकल्या असतील त्याने.

आपल्या रिलीव्हरांपैकी वाँडर सुएरोला यंदा सर्वांत जास्त वेळा बोलावलंय. तो मैदानात किती वेळा आला हे सगळे मोजतात, तो उठला किती वेळा हे कोण मोजतंय? बुलपेन घाबरट मॅनेजरच्या हाताखाली जास्त दमतं, कारण भरवसा नसला की तीन-तीन जणांना एकदम उठवून ठेवलं जातं. माझं मत: उठवलं की आणायचंच. आणायचं नसेल तर उठवू नका.

फिरकी | ५ सप्टेंबर, सकाळी ८:५०

सह्यकडा, +१००. हा प्रतिसाद मूळ लेखात जायला हवा.

एक भर. सप्टेंबरात रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, ४० जणांपर्यंत वाढवता येतं, त्यामुळे माणसं कमी आहेत असं कुणी म्हणू नये. मोठी आघाडी किंवा मोठी पिछाडी असेल तिथे नवी पोरं टाकायला हवीत. नाहीतर होतं असं की ८-१ असतानाही मॅनेजरला धाकधूक वाटते, तो आठव्या इनिंगला रेनीला आणतो आणि उद्याचा दिवस गमावतो. टॅनर रेनी मला महत्त्वाचा वाटतो. वॉक फार देतो, म्हणजे चेंडू भरकटून बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, पण त्याचा फास्टबॉल शंभर मैलांच्या आसपास जातो आणि तसा चेंडू आपल्या बुलपेनमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही. बेस रिकामे असताना, इनिंगच्या सुरुवातीला त्याला आणा. दोन माणसं बेसवर असताना आणलंत तर वॉकने बेस भरणार हे ठरलेलं.

पोटोमॅक | ८ सप्टेंबर, सकाळी ७:४५

काल अटलांटात ॲरन बॅरेट चार वर्षांनी मैदानात उतरला. २०१५ साली कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, त्यातून सावरत असताना २०१६ साली पिच टाकता टाकता दंडाचं हाड मोडलं. काल त्याने एक इनिंग टाकली, एकही धाव दिली नाही. डगआउटमध्ये बसून तो तोंड झाकून रडत होता, आणि इकडे आम्हीही. सप्टेंबरातलं मोठं रोस्टर कशासाठी असतं ते काल कळलं. पुढच्या वर्षीपासून सप्टेंबरात फक्त २८ जण राहणार आहेत. अशा माणसाला मग जागा कुठली मिळायची?

रानजाई | १७ सप्टेंबर, सकाळी ११:२०

मार्टिनेझना सामन्यादरम्यान छातीत दुखायला लागलं असं वाचलं. कसे आहेत ते?

पोटोमॅक | १७ सप्टेंबर, दुपारी १:०५

हृदयाची तपासणी झाली, बरे आहेत. तूर्त बेंच कोच चिप हेल संघ सांभाळताहेत. १९-३१ असताना हकालपट्टीच्या मागण्या सोसलेला माणूस आहे हा. लवकर परत यावेत.

डूलिटलबद्दल एक निरीक्षण: परत आल्यापासून त्याला थेट नवव्या इनिंगला टाकत नाहीत. आधी हलकी कामं, मग हळूहळू वजन. नववी आता जास्त करून हडसनकडे. डूलिटलने याबद्दल कुठे तोंड वाकडं केलेलं दिसलं नाही. क्लोजरचा मान सोडून सातवी इनिंग आनंदाने टाकणारा पिचर मिळणं, हे नवीन पिचर मिळण्याइतकंच मोलाचं आहे.

सह्यकडा | २५ सप्टेंबर, सकाळी ६:५५

वाइल्ड कार्ड पक्कं! ट्रे टर्नरचा ग्रँड स्लॅम, बेस भरलेले असताना होमरन! फिलीजचं काही खरं नाही. आता एकच सामना, हरलं की घरी. कोण टाकणार?

पोटोमॅक | २५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

शर्झर सुरुवात करेल. त्याच्यामागून स्ट्रासबर्ग यावा असं मला मनापासून वाटतं. स्टार्टर दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत एकदा सरावासाठी वीस-तीस पिच टाकतातच. ते पिच बुलपेनच्या भिंतीआड टाकण्याऐवजी मैदानात टाकले तर बिघडलं काय? उद्या नसलेल्या सामन्यात सगळ्यांत चांगल्या तीन पिचरांनीच २७ आउट वाटून घ्यावेत.

फिरकी | २५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

इथे माझा विरोध नोंदवून ठेवा. स्टार्टरचं अंग तापायला वेळ लागतो. त्याची सवय ठरलेली: इतक्या वाजता मालिश, इतक्या वाजता धावणं, इतक्या वाजता पहिला पिच. फोन वाजल्यावर पाच मिनिटांत तयार होणं हे वेगळंच कसब आहे आणि रिलीव्हर ते वर्षानुवर्षं कमावतात. स्ट्रासबर्ग इथे एकदाही रिलीव्हर म्हणून आलेला नाही. आणायचाच असेल तर इनिंगच्या सुरुवातीला, बेस रिकामे असताना, आणि आधीच सांगून.

पोटोमॅक | २ ऑक्टोबर, पहाटे १२:५०

शर्झर पाच, स्ट्रासबर्ग तीन, हडसन एक. तीन माणसं, २७ आउट. ४-३!

आठव्या इनिंगला ३-१ ने मागे, समोर ब्रूअर्सचा जॉश हेडर, आणि हुआन सोटोचा तो फटका. उजवीकडे ग्रिशमच्या ग्लव्हखालून चेंडू निसटला आणि तिघेही घरी आले. सगळे सोटोबद्दल लिहितील. पण सहाव्या ते आठव्या इनिंगमध्ये स्ट्रासबर्गने ब्रूअर्सला काही दिलं नाही, म्हणून सोटोपर्यंत सामना जिवंत राहिला. फिरकी, सहावीच्या सुरुवातीला आला, बेस रिकामे असताना. तुमची अट पाळली त्यांनी.

सह्यकडा | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

पुढची फेरी, काल लॉस एंजेलिसमध्ये आठव्या इनिंगला शर्झर! तीन बॅटर, तिघेही स्ट्राइकआउट. सातवी डूलिटल, नववी हडसन. ४-२. डॉजर्सच्या मैदानावर मालिका १-१.

फिरकी | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

आणि काल कॉर्बिन. पाच इनिंगनंतर २-१ ने पुढे, सांचेझ उत्तम टाकत होता. सहाव्याला कॉर्बिन आला, दोन आउट काढले, आणि मग बांध फुटला. त्याच्या नावावर सहा धावा, त्या इनिंगमध्ये एकूण सात, १०-४ ने हरलो. डॉजर्सनी डावखुऱ्यासमोर एकामागून एक उजवे बॅटर उतरवले आणि आपण बघत राहिलो. स्टार्टर आणण्याबद्दल मी आता बोलत नाही. कॉर्बिनचा हात चालत नाही हे दिसत असताना दुसरं कुणी वेळेत का आलं नाही, एवढंच विचारतो. कारण मॅनेजरचा दुसऱ्या कुणावर भरवसाच नाही. दोन-तीन जणांवर सगळी मदार ठेवली की त्यांतला एक ढासळल्यावर हाताशी काही उरत नाही.

पोटोमॅक | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

भरवसा नाही हे खरं, आणि तो नसण्याला सहा महिन्यांचा पुरावा आहे. कॉर्बिन दोन आउटवर असताना शेवटी आणलं सुएरोला, आणि जस्टिन टर्नरने त्यालाच तीन धावांचा होमरन मारला. पर्याय कोणता होता ते नाव घेऊन सांगा. माझ्या मते मार्टिनेझ पुढेही असंच करेल, आणि करायला हवं.

जर्सीकर | १० ऑक्टोबर, रात्री १:१०

झोप येत नाही म्हणून लिहितोय. डॉजर्सचा स्टार्टर कर्शॉ, त्याचं फार वाईट वाटलं. सातवीत दोन आउट असताना येऊन त्याने इनिंग संपवली, मग डगआउटमध्ये बसला आणि आठवीत परत पाठवला. रेंडन, सोटो, लागोपाठ दोन होमरन. बुलपेनमधून एकदा तापून आलेल्या माणसाला बसवून परत उभा करणं, तेही स्टार्टरला, हा जुगार असतो. दहाव्या इनिंगला हावी केंड्रिकच्या ग्रँड स्लॅमने सगळं संपलं. तुमच्याकडून कॉर्बिन परत आला आणि या वेळी टिकला, हे विसरू नका. तीन दिवसांपूर्वी सहा धावा खाल्लेल्या माणसाच्या हाती पाचव्या सामन्यात चेंडू देणं याला छाती लागते.

रानजाई | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

हडसन बाळंतपणासाठी घरी गेला म्हणून काही जण नावं ठेवताहेत, ते वाचून राग आला. बाळाच्या जन्माला बाप असायलाच हवा. आणि त्याच्यावाचून अडलं कुठे? सांचेझने आठव्या इनिंगला दोन आउट होईपर्यंत एकही हिट दिला नाही, पुढचे चार आउट डूलिटलने काढले. कार्डिनल्सविरुद्ध २-०.

फिरकी | १२ ऑक्टोबर, दुपारी १:४०

रानजाई, +१. आणि बघा, स्टार्टर आठव्या इनिंगपर्यंत गेला की आपलं बुलपेन अचानक चांगलं दिसायला लागतं.

सह्यकडा | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. वर्ल्ड सिरीजमध्ये काल घरच्या मैदानावर ह्यूस्टनकडून ८-१ ने हरलो. सातव्या इनिंगला फर्नांडो रॉडनीच्या पिचवर ब्रेगमनचा ग्रँड स्लॅम. खालच्या फळीपर्यंत जायची वेळ आली की काय होतं ते पुन्हा दिसलं. मालिका २-२. आज लक्ष्मीपूजन आणि पाचवा सामना एकाच संध्याकाळी.

पोटोमॅक | ३१ ऑक्टोबर, पहाटे १:३०

जगज्जेते! १९२४ नंतर पहिल्यांदा वॉशिंग्टनमध्ये वर्ल्ड सिरीज आली!

परवा भाऊबीजेच्या रात्री सहाव्या सामन्यात स्ट्रासबर्गने नवव्या इनिंगपर्यंत टाकलं, त्यामुळे काल सगळे ताजे. मग सातवा सामना: शर्झर पाच, कॉर्बिन तीन, हडसन एक. ब्रूअर्सविरुद्ध होती तीच वाटणी. मानेच्या दुखण्याने पाचवा सामना सोडावा लागलेला शर्झर दर इनिंगला संकटात होता, तरी दोनच धावा दिल्या. कॉर्बिनने तीन इनिंगमध्ये एकही दिली नाही. हडसनने शेवटच्या स्लायडरवर ब्रँटलीला स्ट्राइकआउट केलं आणि ग्लव्ह भिरकावून दिला. ६-२.

फिरकी | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

अभिनंदन! रात्रभर ह्यूस्टनचाच विचार करतोय. त्यांचा स्टार्टर ग्रिंकीचे ८० पिच झाले होते आणि तो अप्रतिम टाकत होता. रेंडनचा होमरन, सोटोला वॉक, आणि मॅनेजर ए. जे. हिंचने ग्रिंकीला बाहेर काढलं. विल हॅरिस आला आणि केंड्रिकने चेंडू उजवीकडच्या फाउल पोलवर आपटला. त्यांचा दुसरा स्टार्टर गेरिट कोल बुलपेनमध्ये तयार होता, तो आलाच नाही. बाल्टिमोरच्या ब्रिटनसारखाच तोही वापराविना राहिला. ह्यूस्टनकडे आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं बुलपेन होतं, म्हणूनच हिंचला ग्रिंकीला काढणं सोपं वाटलं असावं. मार्टिनेझकडे ती सोय नव्हती.

जर्सीकर | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

हिंचला मी दोष देणार नाही. हॅरिस वर्षभर उत्तम होता आणि तो पिचही वाईट नव्हता, बाहेरच्या कडेला खाली होता. केंड्रिकने तो मारला, त्याचं श्रेय केंड्रिकला. पण कोलला सातव्या सामन्यातही राखून ठेवायचं असेल तर वापरायचं कधी?

पोटोमॅक, तुझ्या हिशेबाला एक इशारा देऊन ठेवतो. पुढच्या वर्षीपासून रिलीव्हरला किमान तीन बॅटरना टाकावं लागणार किंवा इनिंग संपवावी लागणार. एका बॅटरपुरता डावखुरा आणायची सोय गेली. आणि स्ट्रासबर्ग, कॉर्बिन, शर्झर यांच्या हातांनी या महिन्यात जे सोसलंय ते एप्रिल-मेमध्ये दिसेल की नाही, मला काळजी वाटते.

पोटोमॅक | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

काळजी मलाही आहे, आणि हडसनचा करारही आता संपतोय. तीन बॅटरच्या नियमावर मार्चमध्ये वेगळा धागा काढू. सह्यकडाने तोवर उठवून बसवलेल्या रिलीव्हरांची नोंद ठेवायची काही युक्ती काढावी.

शनिवारी कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवर मिरवणूक आहे. आम्ही मेट्रोने सकाळी लवकर निघणार आहोत. जर्सीकर, तूही ये. कोण कोण येतंय ते व्यनि करून कळवा, म्हणजे एका ठिकाणी उभं राहता येईल.